दस्तीखालची ॲडमिशन

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नांदेड आणि लातूरच्या मधोमध आहे, आणि ही जागा अध्यक्षसाहेबांनी फार विचार करून निवडली, असं माझं ठाम मत आहे. नांदेडकडची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला जातात. दोन वर्षं खोली करून राहतात. आई कुकर घेऊन सोबत जाते, वडील घरी एकटे पिठलं करायला शिकतात. मग निकाल लागतो आणि ते सगळं बिऱ्हाड टेम्पोत घालून परत निघतं. त्या टेम्पोला आमच्या गेटासमोरच्या गतिरोधकावर हळू व्हावंच लागतं. तो गतिरोधक सरकारी नाही. आम्ही टाकलाय.

मी तिथे मेकॅनिक्स शिकवतो. बल, भार, तरफ वगैरे. हे वर्षातले बहुतेक महिने. उन्हाळ्यात मात्र आम्ही सगळे प्राध्यापक फिरतीवर निघतो. बारावीचा निकाल जवळ आला की अध्यक्षसाहेब मीटिंग घेतात आणि दरवर्षीचं वाक्य बोलतात, "बाकं बसायसाठी केलीत, बघायसाठी नाही." मग प्रत्येकाने तीन विद्यार्थी आणायचे. तीन आणले तर पुढच्या वर्षीची नोकरी पक्की. दोनच आणले तर साहेब म्हणतात, "बघू." ज्याला साहेबांनी 'बघू' म्हटलं, तो माणूस पुढच्या वर्षी स्टाफरूममध्ये दिसल्याचं मला तरी आठवत नाही.

दारोदार जायचं ते टाय लावून. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, टाय! "टाय नसली की लोक खताचे एजंट समजतात," हे साहेबांचं म्हणणं. टाय असली की विम्याचे एजंट समजतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण मला हे दिवस मनापासून आवडतात. वर्गात मी तरफ शिकवतो तेव्हा मागच्या बाकावर दोघं झोपलेले असतात. लोकांच्या ओसरीवर मात्र कुणी झोपत नाही. गणेशोत्सवात मी तरुणपणी बरीच नाटकं केली आहेत, त्यामुळे आवाज कुठे खाली आणायचा आणि चष्मा कधी काढायचा, हे मला कळतं. 'वसतिगृह' म्हणताना मी आईकडे बघतो, 'पॅकेज' म्हणताना वडिलांकडे बघतो, आणि 'भविष्य' म्हणताना कुणाकडेच न बघता आढ्याकडे बघतो. आढ्याकडे बघून म्हटलेल्या 'भविष्या'वर मी आजवर बऱ्याच ॲडमिशन आणल्या आहेत.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मुलींच्या फीमाफीचा निर्णय तेव्हा आलेला नव्हता. माझे दोन विद्यार्थी झाले होते आणि तिसरा हातातोंडाशी येऊन पुण्याला पळाला होता. तेव्हा माझ्या तरुण सहकाऱ्याने खबर आणली. हा माझ्याच हाताखाली शिकला, आणि आता माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून शिकवतो. म्हणाला, "सर, कंधारच्या पुढे एक मुलगी आहे. गणितात भारी मार्क आहेत. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकतंय. वडील बैलबाजारात दलाल आहेत."

"दलाल?" मी टाय घट्ट केली. "म्हणजे बोलणारा माणूस. मजा येणार."

गाडी माझीच होती. एसी लावला की ती चढ चढत नाही, म्हणून आम्ही टायसकट घामाघूम होऊन पोहोचलो.

दारात लाल कंधारी बैलांची जोडी बांधलेली होती. ओसरीवर मुलीचे वडील, उंच, मिशाळ, खांद्यावर मोठी चौकड्याची दस्ती, म्हणजे आमच्याकडचा रुमाल. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बुटांकडे, मग चालीकडे. मला उगीचच वाटलं की आता हे माझे दात बघणार.

"या गुर्जी, बसा. पानी आणा ओ!"

प्राध्यापकाला गुर्जी म्हटलं की आमच्यातल्या काही जणांना राग येतो. मला उलट बरं वाटतं. गुर्जीकडून फीचा विषय निघेल असं कुणाच्या मनात येत नाही.

आई चहा देऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली, मुलगी खांबाला टेकून. मी माहितीपुस्तक उघडून समोर धरलं. पहिल्याच पानावर आमची इमारत आणि तिच्यापुढे हिरवंगार लॉन.

"हे गवत तुमचंच का?" वडिलांनी विचारलं.

"म्हणजे... होणार आहे."

"फोटोत तर झालंय की."

"छापणाऱ्याने थोडं आधी केलं," मी म्हणालो.

ते खूश झाले. खांदे हलवून हसले. "बरं झालं खरं बोललात. आमच्या धंद्यातबी हेच करतेत. शिंगाला तेल लावतेत, म्हाताऱ्या बैलाला गूळ चारून उड्या मारायला लावतेत. पर आमी फोटोवर जनावर घेत न्हाई. चालवून बघतो, जुंपून बघतो."

"मग या ना कॉलेज बघायला!"

"येतो की. पर आधी भाव बसला पायजे. भाव बसला न्हाई तर दात बघून काय करू?"

एवढ्यात मुलीने खांब सोडला. "सर, तुमच्याकडनं शिकून गेलेले काय करतात?"

ही माझी आवडती वेळ. मी चष्मा काढला. "बाळ, आज जगात असा एकही देश नाही, की जिथे..."

"जगातलं राहू द्या सर. कंधार तालुक्यातलं सांगा."

मी चष्मा परत घातला. कंधार तालुक्यातलं मला काही आठवेना, म्हणून मी माझ्या सहकाऱ्याकडे हात केला. "हे काय, समोर बसलेत! हे आमचेच विद्यार्थी."

"आन् नोकरी कुठं?" वडिलांनी विचारलं.

"आमच्याच कॉलेजात," सहकारी हळूच म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे दयेने बघितलं. "म्हंजे जत्रंत विकायला नेलं, आन् गिऱ्हाईक न्हाई म्हनून घरीच वापस आणलं."

आई पदर तोंडाला लावून हसली. मुलगीसुद्धा हसली. माझ्या सहकाऱ्याने गार चहा गरम असल्यासारखा फुंकला.

मग आई म्हणाली, "हिचा मामा भोकरचं स्थळ घिऊन बसलाय. म्हन्तोय, फीला घालायचे पैसे लग्नात घाला, मोकळे व्हा."

"मामाला काय करायचंय?" वडील म्हणाले. "मी सांगितलंय. एकदा भाव काढू. बसला तर हिनं शिकायचं. न्हाई बसला तर भोकर."

ते हे सहज बोलले, पण मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं. ती माझ्या टायकडे बघत राहिली, जणू सगळं त्या गाठीवर अवलंबून आहे. मला माझा तिसरा विद्यार्थी दिसत होता आणि तिला भोकर दिसत होतं.

"तर फीचं असं आहे, की..." मी सुरू केलं.

वडिलांनी हात वर केला. "तोंडानं न्हाई गुर्जी! भाव तोंडानं बोलायचा नसतो." ते सरकत माझ्याजवळ आले, खांद्यावरची दस्ती काढली, माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर दस्ती टाकली.

हे मी लहानपणी जत्रेत पाहिलेलं होतं. बैलाचा सौदा असाच होतो. दस्तीखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका आकडा. पुढची शून्यं ज्याची त्याने समजायची. पंचवीस माणसं भोवती उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना कळतो. मी तेव्हा शेजारच्या गाड्यावर जिलबी खात उभा होतो, म्हणजे या विषयातलं माझं शिक्षण तेवढंच. पण नट माणूस. "बाजार मला नवीन नाही," असं म्हणून मी बाह्या सरसावल्या.

सुरू झालं. ते दाबायचे, मी मान झटकायचो. मी दाबायचो, ते हात निखाऱ्यावर पडल्यासारखा मागे ओढायचे. मी कपाळाला हात लावला, डावा. ते आभाळाकडे बघून देवाला साक्षी ठेवू लागले. मी उठून चालू लागल्याचा अभिनय केला, पण हात अडकलेला असल्यामुळे परत बसलो. बैलसुद्धा रवंथ थांबवून बघत होते असं माझा सहकारी अजून शपथेवर सांगतो. शेवटी साहेबांनी जितकी सूट द्यायची मुभा दिली होती, बरोबर तिथे आमची बोटं येऊन थांबली.

"बसला?" ते म्हणाले.

"बसला!" मी असा म्हणालो, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावं.

आईने गूळ आणला. मुलीने आमच्या सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला, आणि माझ्या हातावर जरा मोठा ठेवला. मी तो खाल्ला, आणखी मागून खाल्ला.

वडील गाडीपर्यंत पोचवायला आले. काचेतून वाकून म्हणाले, "गुर्जी, पैसे एकदाच आणून देतो. मग चार वर्सं आमच्याकडं बघू नका."

"हो हो. पहिल्या वर्षाचे द्या, मग दुसऱ्या वर्षी..."

"दुसऱ्या वर्सी काय?"

"दुसऱ्या वर्षाची फी."

"गुर्जी, बैल घेतला, दावणीला बांधला. मग त्याच बैलाचे दरसाल पैसे देतेत का कुठं?"

मी आयुष्यभर फी म्हणजे वर्षाची हे धरून चाललेला माणूस, आणि ते आयुष्यभर सौदा म्हणजे एकदाचा हे धरून चाललेले. दस्तीखाली दोघांपैकी कुणीही वर्ष दाबलं नव्हतं. वर्षाला बोटच नसतं.

"अहो, पण चाऱ्याचे तरी दरवर्षी लागतात ना!" मी धडपडलो.

"चारा ती घरनं खाऊन येईल. डबा दिऊ आमी." ते रागावले नव्हते. उलट माझी काळजी वाटल्यासारखं हळू बोलले. "हे बगा, दस्तीखालचं मोडत नसतंय. मी कुठल्या बाजारात मोडलं न्हाई. तुमी तर गुर्जी. गूळ खाल्लाय तुमी."

मागे ओसरीवर मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

परत येताना सहकारी म्हणाला, "सर, दुकानात एकावर एक फ्री बघितलं होतं. तुम्ही इंजिनिअरिंगची तीन वर्षं फ्री दिलीत."

अध्यक्षसाहेबांना सांगण्यासाठी मी दोन दिवस चांगला मूड शोधत होतो. तो त्यांना येत नाही हे लक्षात आल्यावर सरळ सांगून टाकलं. ते उभे राहिले. त्यांनी माझं शिक्षण, माझे आईवडील आणि मेकॅनिक्स या विषयाबद्दल बरंच काही ऐकवलं. "एका वर्षाच्या पैशात चार वर्षं! मोडा तो सौदा! आत्ता फोन लावा!"

"साहेब, सौदा दस्तीखाली झालाय."

ते उभ्याचे बसले. या माणसाच्या आजोबांनी बैलांच्या व्यापारातून पहिला ट्रक घेतला होता आणि त्या ट्रकच्या पैशातून पुढे आमचं कॉलेज उभं राहिलं, हे मी विसरलो होतो. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणी बघितलं?"

"त्यांच्या घरचे, आपले हे सर, आणि दोन बैल."

"गूळ खाल्ला?"

"खाल्ला."

"किती?"

"दोनदा. चांगला होता, साहेब."

त्यांनी डोकं हातात धरलं. आपल्या कॉलेजने दस्तीखालचा सौदा मोडला, ही बातमी बाजारात गेली तर त्या भागातून पुन्हा एकही पोरगं येणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी म्हणाले, "बोलवा त्यांना. मी स्वतः बसतो. दोघांनी खुशीनं नवा भाव केला तर जुना मोडत नाही. आणि नवा नाही झाला, तर सर, तुमचं..."

"बघू," मी म्हणालो.

"बघू," साहेब म्हणाले.

वडील आणि मुलगी पुढच्याच आठवड्यात आले. वडील पांढरे कपडे आणि तीच दस्ती घालून, मुलगी परीक्षेला आल्यासारखी वेणी घट्ट घालून. वडिलांनी आधी सगळं कॉलेज फिरून बघितलं. बाक हलवून बघितलं, भिंतीला टिचकी मारली, कँटीनच्या भांड्यात वाकून वास घेतला. मी त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे आमचं मोठं लेथ मशीन खाकी आच्छादनाखाली उभं असतं.

"हे झाकून का ठिवलंय? आजारी हाय का?"

"नाही नाही, चालू आहे!"

"मग चालवून दाखवा."

मी आच्छादन ओढलं, बटण दाबलं. लेथ खोकलं, थरथरलं, आणि खरंच फिरायला लागलं! मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात पसरले. त्याच वेळी ऑफिसातले सगळे दिवे गेले आणि तिथून कुणीतरी ओरडलं, "अरे कुणी लावलं ते?"

"उठतंय," वडील म्हणाले, "पर धाप लागतीय."

लायब्ररीत मुलीने मेकॅनिक्सचं एक पुस्तक काढलं आणि त्यावर फुंकर मारली. धूळ माझ्या टायवर बसली.

मग साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमलो. मी, माझा सहकारी, बापलेक आणि साहेब. चहा आला. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, हात पुढे केला, वडिलांनी दस्ती टाकली. आता मी प्रेक्षक होतो, आणि सांगतो, असा प्रयोग मी पुन्हा बघितला नाही. दोघांचे चेहरे देवळातल्या मूर्तीसारखे. फक्त मधली दस्ती उंदीर शिरल्यासारखी हलत होती.

एकदम वडील म्हणाले, "साहेब, आंगठ्या काढा. कोन्तं बोट हाय कळंना."

साहेबांनी चार अंगठ्या काढून टेबलावर ठेवल्या. पुन्हा सुरू. साहेबांनी उसासा सोडला. वडिलांनी त्याहून मोठा सोडला. चहावर साय धरली. साहेब चार वर्षांचं मागत होते, वडील एकदाच्या भावावरून हलत नव्हते, आणि दोघांच्याही मानेवर घाम आला होता. शेवटी साहेबांनी हात काढून घेतला आणि झटकला. "नाही जमत."

वडिलांनी दस्ती खांद्यावर टाकायला उचलली. ती खांद्यावर गेली असती तर मुलगी भोकरला गेली असती आणि मी घरी.

"अप्पा, थांबा," मुलगी म्हणाली. "मघापासनं भावाचंच चाललंय. मालाचं कुणी बोलंना."

तिने वडिलांच्या हातातून दस्ती घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "सर, हात द्या."

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"बसू द्या साहेब," वडील म्हणाले. "सौद्यात तिसऱ्यानं बोलायचं नसतंय."

तिने दस्ती टाकली आणि माझी बोटं तिच्या मुठीत आली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं, "तुमच्या हाताखालून दहा जण पास होऊन गेले, तर ह्या शिक्षणावर पोट भरणारे किती? तोंडानं सांगू नका. साहेब बसलेत. हितं सांगा."

साहेबांची नजर माझ्या कोपरावर होती. मी आयुष्यभर लोकांना दिसेल असंच सगळं केलं. रडलो ते दिसेल असं, हसलो ते दिसेल असं. आणि इथे एका मुलीने मला असा रंगमंच दिला होता, की त्याचा पडदा वर जाणारच नव्हता. आढ्याकडे बघायची सोय नव्हती. तिथे बोटच लागत होतं.

मी माझी बोटं तिच्या तळहातावर दाबली.

किती ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो, की एकाच हातात काम भागलं आणि अंगठ्याला हलावं लागलं नाही. आणि करंगळी मी अर्धीच दाबली. तिने ती पुन्हा चाचपून बघितली, म्हणजे 'अर्धी का?' मी डोळ्यांनीच माझ्या सहकाऱ्याकडे दाखवलं. त्याची नोकरी होती खरी, पण ती आमच्याच गोठ्यातली. ती पूर्ण कशी मोजायची? मुलीने मान हलवली. तिला पटलं.

"काय सांगितलंत सर?" साहेब गरजले.

"साहेब, दस्तीखालचं सांगत..."

"नसतात! माहीत आहे मला!"

मुलीने दस्तीची घडी घातली. मग वडिलांना म्हणाली, "अप्पा, साहेबांच्या भावात हे परवडत न्हाई. दरसाल एवढे घालून एवढीच बोटं असतील तर मामाचं खरं हाय. पण सरांनी घरी जो भाव केलता, त्या भावात परवडतंय. तेवढ्या बोटातली एक मी हुईन, ते माझ्याकडं." मग ती साहेबांकडे वळली. "ठरल्या भावात चार वर्षं, साहेब. न्हाई तर भोकर."

"भोकरला कुठलं कॉलेज निघालंय?" साहेबांनी दचकून मला विचारलं.

"कॉलेज न्हाई साहेब, सासर," वडील म्हणाले. "तिथंबी पैसे आमीच द्यायचे, आन् शिकवायचं काहीच न्हाई."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या वर्गात रिकामी बाकं एकावर एक रचून ठेवलेली दिसत होती. रिकामं बाक फी देत नाही, चर्चा मात्र बाजारभर करतं, हे त्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. मग साहेबांनी चारही अंगठ्या एकेक करून बोटात घातल्या आणि म्हणाले, "गूळ आणा."

कॉलेजात गूळ नव्हता. कँटीनची साखर संपली होती. शेवटी माझा सहकारी धावत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेला आणि ग्लुकोजची बाटली घेऊन आला. अध्यक्ष, पालक, विद्यार्थिनी आणि प्राध्यापक अशा सगळ्यांनी तळहातावर चिमूट चिमूट ग्लुकोज घेऊन तो सौदा पक्का केला.

"गोड कमी हाय," वडील म्हणाले, "पर चाललंय."

माझी नोकरी वाचली, पण त्याचं कारण माझा तिसरा विद्यार्थी एवढंच नव्हतं. आठवडाभरात गेटाबाहेर खांद्यावर दस्त्या टाकलेले पाच-सहा बाप येऊन उभे राहिले. "हितं म्हनं दस्तीखाली ॲडमिशन हुतीय." साहेबांनी आधी मला शिव्या दिल्या आणि मग अंगठ्या काढल्या. पुढच्या मे महिन्यात आम्हाला टायऐवजी कॉलेजचं नाव छापलेल्या दस्त्या मिळाल्या. घाम पुसायला फार सोयीच्या आहेत. फक्त साहेबांनी आता आम्हाला सक्त ताकीद दिली आहे, की दस्ती टाकायच्या आधी तोंडाने, मोठ्याने, दोनदा 'वर्षाला' असं म्हणायचं.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या बाकावर बसते. लेथचं आच्छादन तिने पहिल्याच वर्षी घडी घालून कपाटात ठेवायला लावलं; कॉलेजचे दिवे आता आठवड्यातून दोनदा जातात. मी शिकवताना आढ्याकडे बघायला लागलो की ती हात वर करते. "सर, खाली." दर सेमिस्टरच्या शेवटी ती स्टाफरूममध्ये येते, ओढणी माझ्या हातावर टाकते आणि विचारते, "सर, अजून तेवढीच?" आणि मी दाबतो तेवढीच, कारण तिथे मला अभिनय जमत नाही.

मागच्या आठवड्यात ती अशीच आली. ओढणी टाकली, पण विचारलं काहीच नाही. माझी करंगळी पकडली आणि अशी दाबली, की मी ओरडलो.

"ही आता पूर्ण धरा, सर."

मला कळेना. तेवढ्यात माझा सहकारी पेढे घेऊन आत आला. त्याला लातूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी लागली होती. हिच्यासोबत रोज लेथवर काम करून त्याने कारखान्याच्या परीक्षेची तयारी केली होती आणि माझ्या शेजारी बसून मला पत्ता लागू दिला नव्हता. मी त्याला मिठी मारली, डोळे पुसले, दोन पेढे खाल्ले. तिसरा खाताना लक्षात आलं, की त्याच्या वाटणीच्या तीन ॲडमिशन आता साहेब माझ्या डोक्यावर टाकणार.

"अगं, पण हा गेला तर मी गाडीत कुणाला घेऊन जाऊ?" मी तिला विचारलं.

"मला न्या की. घरोघरी मी सांगते, काय खरं हाय ते."

"म्हणजे एकही ॲडमिशन होणार नाही!"

"हुईल सर. भाव बरोबर लावला तर हुईल." तिने ओढणी काढली आणि माझ्या मोकळ्या राहिलेल्या अंगठ्याकडे बघितलं. "आन् हा कुणाला दिऊ नका. वर्षभर थांबा. हा माझा हाय."